पंजाखालची घोडी

पॅरिस, मार्च १८३१

आई,

तुझ्या आन्सेल्मचा नमस्कार. माझा खोकला गेला, सूप-पाव वेळेवर मिळतो. तुझं मनगट कसं आहे? जिन्यावरून पडलीस असं बाबांनी कळवलं. माझा विश्वास नाही. म्हणून हे पत्र मावशीच्या हाती पाठवतोय.

सिंहाचं चित्र पुरं झालं. रोज सकाळी प्राणिबागेत पिंजऱ्यासमोर बसायचो, पण तो सिंह म्हातारा, सदा पेंगलेला. राखणदार बास्तियाँ हसायचा, "हा काही आता चिडायचा नाही, साहेब. तुमच्या घरात कोणी चिडकं नाही का?"

होतं की. शेवटी सिंहाला बाबांचे डोळे दिले. आता जो तो विचारतो, असलं हिंस्र जनावर पाहिलंस तरी कुठे? बाबांना हे सांगू नकोस, उगाच छाती फुगवून गावभर फिरतील.

पंजाखाली पांढरी घोडी आहे. तिच्यावरून चित्रशाळेतले गुरुजी भडकले, "अरे, मागे सगळं रान मोकळं पडलंय, मग ही पळत का नाही?"

मी घोडी तशीच ठेवली. तिला पळताना मी कधी पाहिलंच नव्हतं.

माझ्या खोलीत दुसरी खाट टाकली आहे. पॅरिसची गाडी मावशीच्या दारावरूनच जाते.

वाट पाहणारा,
आन्सेल्म