तुझ्या कानातली माझी भिकबाळी

आई, आज संध्याकाळपर्यंत कानातली बाळी काढायची आहे आणि मला भीती वाटते आहे. घरात हे कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून तुला सांगतो. गेले काही दिवस चक्कर येते, डावा हात मधूनच बधिर होतो. डॉक्टरांनी डोक्याचा एमआरआय सांगितला. काल तिथं गेलो तर तिथल्या बाई म्हणाल्या, "काका, अंगावर काही धातू नको. अंगठी, करगोटा, कानातलं, सगळं काढून या." अंगठी काढली, करगोटा काढला, कानाला हात गेला आणि तिथंच थांबला. उद्या येतो म्हणालो आणि रिक्षा करून गारखेड्याला घरी परत आलो. तुझी सून म्हणाली, "डोक्यात काय निघेल याची भीती नाही, आणि बाळीची भीती?" तिचं बरोबर आहे. जन्मभर मी फुलंब्रीच्या शाळेत विज्ञान शिकवलं. फळ्यावर कानाची आकृती काढली, अंधश्रद्धेवर पोरांकडून निबंध लिहून घेतले, आणि ते निबंध तपासतानाही ही बाळी कानात होती. पोरं हुशार होती, पण कुणी विचारलं नाही.

माझ्या आधीचे तुझे दोघं गेले, हे मला आत्यानं सांगितलं. मी झालो तेव्हा आजी तुला म्हणाली की याला आपला म्हणू नको, भीक मागून घे. मग तू देवगाव रंगारीत घरोघरी पदर पसरलास. त्या भिकेतून होता होता सोन्याची एक बारीक तार झाली. तोवर मी चांगला चालता-बोलता झालो होतो, म्हणून टोचल्याचा दिवस मला स्वच्छ आठवतो. गावच्या सोनारानं तारेचं टोक दगडावर घासलं आणि माझा उजवा कान धरला. पाळी नाही, वरची कड, जिथं कुरकुरीत हाड असतं ती. कच्चा पेरू चावल्यावर होतो तसा आवाज माझ्याच डोक्यात झाला. मी किंचाळलो तर तू मला मांडीवर दाबून धरलंस. "रडू नको. आता तू आमचा नायस, गावाचा हायस. गावाच्या पोराला कोण नेतंय?" आणि आजीनं मागून बजावलं, "बाळी कवा भुईला ठिवायची नाय. जित्या कानात हाय तवर लेकरू हाय." तेव्हा मला ते गाण्यासारखं वाटलं. तू मात्र तिच्याकडं बघून मान डोलावलीस, आणि तुझा चेहरा मी अजून विसरलेलो नाही.

वडील मेंढरं घेऊन लांब चारणीला गेले होते. घरात तू, मी आणि आजी. रोज सकाळी तू करडईचं तेल कोमट करायचीस, त्यात हळद कालवायचीस, आणि तार गोल फिरवत तेल आत मुरवायचीस. गावातल्या सगळ्या पोरींच्या पाळ्या अशाच बऱ्या झाल्या होत्या, तुझं काय चुकलं? आता मला माहीत आहे की वरच्या कानाला रक्त फार पोचत नाही, तिथली जखम रोज हलवली की चिघळते. पाळीला मानवतं ते त्या हाडाला मानवत नाही. तुला हे कोण सांगणार होतं? कान लाल झाला, तापला, वरची घडी दिसेनाशी झाली. मग तू मेंढराच्या खुराला जखम झाली की लावतात ते काळं औषध काढलंस. आजी म्हणाली, "मेंढरू बरं व्हतं, मंग लेकरू का नाय व्हायचं?" त्या रात्रीपासून मला ताप चढला.

मग औरंगाबाद. एसटीत मी तुझ्या मांडीवर आहे, कान तुझ्या हाताला लागू नये म्हणून तू हात हवेत धरला आहेस. दवाखान्यातले म्हातारे डॉक्टर कान बघतात आणि तोंड वाकडं करतात. "बाई, ये बाली निकालनी पडेगी. नै तो कान गल जाता."

"कान जाऊ द्या साहेब," तू म्हणतेस. "लेकरू ऱ्हाऊ द्या."

"अरे, लेकरू इसी के वजे से बीमार है."

"तुमाला नाय कळायचं ते."

ते रागावले, पण हाकलून दिलं नाही. बाहेर व्हरांड्यात बस आणि विचार कर म्हणाले. तू बसलीस. माझ्या पाठीवर तुझा हात होता. बाळी ठेवली तर ताप मला नेणार, काढली तर ते दोघं ज्या वाटेनं गेले ती वाट. मला सगळं कळत नव्हतं, पण तू घाबरलीस एवढं कळत होतं, आणि आई घाबरली की लेकराला धरायला काही उरत नाही. थोड्या वेळानं तू उठलीस, मला कडेवर घेतलंस आणि विचारत विचारत सराफ्यात गेलीस. तिथल्या सोनाराला म्हणालीस, "माजा कान टोचा. हितं, वर."

त्याला वाटलं तुला हौस आली. "बाई, आजारी पोर कडेवर, आणि आत्ता कान टोचायचा? काही घालायचंच असेल तर पाळीला भोकं आहेत की."

"पाळीत नाय चालत. त्याच्या जितं हाय तितंच पायजे."

तू डोळे मिटले नाहीस. टोचून होईपर्यंत माझ्याकडंच बघत होतीस. कानात दोरा ओवून तू तशीच दवाखान्यात परत आलीस आणि म्हणालीस, "आता काढा." डॉक्टरांनी काय ओळखलं कुणास ठाऊक, त्यांनी लगेच हात धुतले. बाळी काढली, स्पिरिटमध्ये धुतली. धुताना तू ती टेबलावर ठेवू दिली नाहीस, तुझा तळहात पुढं केलास. मग दोरा ओढून ती तुझ्या कानात घातली. माझी किंकाळी आणि तुझा हुंदका बहुतेक एकदमच निघाला.

पुढचं सगळं तू डॉक्टरांनी सांगितलं तसं केलंस. तेल नाही, हळद नाही, जखमेला बोट नाही. उकळून गार केलेलं मिठाचं पाणी, स्वच्छ फडकं, आणि त्या कुशीवर झोपायचं नाही. मी झोपेत वळू नये म्हणून तू माझ्या उजवीकडं टेकून बसायचीस. माझा कान उतरला, वरची कड जरा चुरगळलेली राहिली. तुझा मात्र सुजला. डोक्यावरचा पदर घासला तरी तू दात आवळायचीस. आजी म्हणायची, थोडे दिवस काढ ती. तू तिला म्हणायचीस, "आत्याबाई, तुमीच सांगितलं व्हतं." माझा कान पुरता भरल्यावर सोनारानं थोडं खाली पुन्हा टोचलं आणि तू बाळी मला परत दिलीस. तेव्हापासून ती तिथंच आहे.

त्याच उन्हाळ्यात तू गेलीस. नुसता ताप, दुसरं काही नाही. मातीला आलेल्या बायांमध्ये आत्या रडत म्हणाली, "लेकराचं आपल्यावर घेतलं माझ्या वयनीनं." मी ऐकलं. ते वाक्य मी बायकोला सांगितलं नाही, मुलाला सांगितलं नाही. कान चिघळला होता, त्याचं विष अंगात भिनलं असेल, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला समजावत आलो. विज्ञानाचा मास्तर दुसरं काय म्हणणार? पण आंघोळीला बसलो की हात आधी कानाला जातो, आहे ना म्हणून. आज तुझ्यापेक्षा दुप्पट वयाचा झालो तरी जातो.

इथवर लिहिलं आणि नात कॉलेजातून आली. माझा चेहरा बघून समोर बसली. "आबा, काय झालं? घाबरलात व्हय तुम्ही?" तिला खोटं सांगता येत नाही मला. मी तिला भिकेचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं, तू सराफ्यात जाऊन वरचा कान टोचून घेतलास ते सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग पुढं?" तिनं विचारलं. पुढं माझा कान बरा झाला, मी म्हणालो.

ती हसली. "मग एवढं काय त्यात? द्या इकडं, मी घालते." केस मागं सारून तिनं कान दाखवला. वरच्या कडेला तिनं मागे पार्लरमध्ये टोचून घेतलं होतं, बारीक खडा होता. तिनं खडा काढला, हात धुतले, माझी बाळी हलकेच उकलली. इतकी वर्षं झाली, तरी मला जराही दुखलं नाही. बाळी तिनं धुतली आणि स्वतःच्या कानात घातली, हसत, बोलत, एका मिनिटात. मी तोंड उघडलं होतं. आत्याचं वाक्य अगदी ओठांवर आलं होतं.

ती आरशापुढं गेली आणि तिथूनच म्हणाली, "आबा, शोभते का?"

शोभते, मी म्हणालो. हे पत्र आता फाडून टाकीन, तिच्या हाती लागता कामा नये. पण तुझ्यापाशी कबूल करतो आई, बाळी तिच्या कानात गेली तेव्हा मला हायसं वाटलं.