प्राध्यापकांची बस

२ फेब्रुवारी, सोमवार. पहाटे ५.१०

आजपासून संख्याशास्त्र. कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे आत्मचरित्र लिहिताना शोधाशोध नको.

नव्या संपादकबाईंनी (वयाने माझ्याहून चौदा वर्षांनी लहान, चष्मा मात्र माझ्याहून जाड) शनिवारी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. एक मी, शहर वार्ताहर, सेवा बावीस वर्षं. दुसरा क्रीडा वार्ताहर, ऑफिसात नुसताच 'क्रीडा'. खेळांचं पान आता एजन्सीकडून तयार येणार, त्यामुळे क्रीडा अधांतरी. शहर पानावर एकच ज्येष्ठ खुर्ची उरणार आणि यापुढे बातम्या आकड्यांतून काढायच्या म्हणे. सत्तावीस तारखेला परीक्षा. जो मागे पडेल त्याच्याकडे 'आजचे कार्यक्रम': सभा, व्याख्यानं, सूर्योदय, सूर्यास्त. त्या कॉलमखाली नाव छापत नाहीत.

बाईंनी दोघांना लिंक पाठवली. परदेशातल्या कुठल्याशा युनिव्हर्सिटीचा कोर्स. चोवीस व्याख्यानं, नोट्स, गणितं, सगळं फुकट. शिवाय आपल्या भाषेत शंका विचारायला विद्यार्थ्यांचा एक ग्रुप.

चोवीस व्याख्यानं, पंचवीस दिवस. एक दिवस उजळणीला. हिशेब इतका स्वच्छ जमला की निम्मी परीक्षा इथेच झाली.

सौ.ला सांगितलं, परीक्षा औपचारिक आहे. अप्पांना सांगितलंच नाही. वडील चौऱ्याऐंशी वर्षांचे, संस्कृतचे निवृत्त शिक्षक. रोज सकाळी भिंग घेऊन पेपरात माझं नाव शोधतात. सापडलं की पेपरची घडी घालतात. बातमी वाचत नाहीत.

ता.क. कोपऱ्यावरचा दिवा बंदच. तक्रार केली २२ डिसेंबरला. आज बेचाळिसावा दिवस. दूध आणताना अंधारात पुन्हा तिथल्याच स्कूटरवर तोच गुडघा आपटला.

३ फेब्रुवारी, मंगळवार

पहिलं व्याख्यान, अठ्ठेचाळीस मिनिटं. प्राध्यापक किडकिडीत, स्वेटरच्या कोपराला ठिगळ. हे गृहस्थ पाच दिवस बसची वाट बघतात. चार, सहा, सात, आठ आणि दहा मिनिटं. सरासरी सात. मग 'प्रमाण विचलन' नावाचं काहीतरी काढतात. ते येतं दोन पूर्णांक चोवीस शतांश.

समजलं का? समजणं ही नंतरची पायरी. अप्पांनी आमच्याकडून आधी पाठ करून घेतलं, अर्थ पुढे आपोआप उगवला. काही ठिकाणी अजून उगवायचा आहे.

निर्णय: चोवीसही व्याख्यानं मुखोद्गत करायची.

५ फेब्रुवारी, गुरुवार

पद्धत सापडली. सरळ पाठांतर वरवरचं, खरी पकड वेदांच्या घनपाठाची. शब्द पुढे म्हणायचे, मागे म्हणायचे, पुन्हा पुढे. बेरीज भागिले, भागिले बेरीज, बेरीज भागिले संख्या, संख्या भागिले बेरीज, बेरीज भागिले संख्या. बाथरूममध्ये नाद उत्तम घुमतो.

सौ.ने बाहेरून विचारलं की संख्येला बेरजेने भागलं तर उत्तर बदलत नाही का. तिला परंपरा ठाऊक नाही. मी नळ मोठा केला.

७ फेब्रुवारी, शनिवार

ग्रुपमध्ये 'जिज्ञासू' या नावाने दाखल झालो. अकरा सभासद, पैकी नऊ मौनात. पहिलं व्याख्यान मराठीत शब्दशः उतरवून टाकलं. प्राध्यापक दोनदा खोकतात, तेही कंसात दिलं. मूळ पाठाला आपण हात लावणारे कोण?

दहा मिनिटांत 'बारावा गडी' नावाच्या एकाचं उत्तर. म्हणतो, इंग्रजीत चार वेळा ऐकून डोक्यावरून गेलं होतं, तुमच्यामुळे पहिल्यांदा बस दिसली. मला 'गुरुजी' म्हणाला. नावावरून स्वभाव खेळकर वाटतो, पण बुद्धी बेताची असावी. सांभाळून घ्यायला हवं.

९ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसात क्रीडा दिवसभर हेडफोन लावून स्क्रीनकडे बघत बसलेला. कुठला तरी सामना. खुर्ची जायची वेळ आली तरी माणूस सामना सोडत नाही, याला काय म्हणावं? चहाच्या वेळी म्हणाला, काय शास्त्रीबुवा, अभ्यास कुठवर? मी म्हटलं, कसला अभ्यास, हे सगळं आमचं कॉलेजातच झालंय. तो म्हणाला, आपल्याला तर काही झेपत नाही बुवा. चेहरा खरोखर उतरलेला होता. मला वाईट वाटलं. हार झाल्यावर त्याला 'आजचे कार्यक्रम'चे बारकावे मी स्वतः शिकवीन.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पहिलं व्याख्यान पूर्ण कंठस्थ. नऊ दिवस लागले. हा वेग राहिला तर चोवीस व्याख्यानांना दोनशे सोळा दिवस. पण पुढचे पाठ आपसूक वेग घेतात, असा अनुभव आहे. (कुणाचा, ते आठवत नाही.)

बारावा गडी विचारतो: गुरुजी, दिवस पाच असताना विचलन काढताना भागायचं चाराने, असं का? मी लिहिलं, मूळ पाठात चार आहे म्हणून. मूळ पाठाशी वाद घालायचा नसतो.

दिवा, दिवस बावन्न. ऑफिसात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वॉर्ड ऑफिसला फोन केला. इंजिनिअर साइटवर होता. कुठल्या साइटवर, तेही अंधारातच.

१५ फेब्रुवारी, रविवार

बारावा गडी कुठूनतरी 'चाराने का भागायचं' हे शोधून आला आणि माझ्या पोस्टखाली लांबलचक खुलासा लिहून बसला. वाचला नाही. टीकाकारांचा काळ ग्रंथानंतरचा. मौनातल्या नऊपैकी तिघांनी मात्र त्याला अंगठा दाखवला, वरच्या दिशेचा.

दुसरं व्याख्यान निम्मं पाठ. पहिलं किंचित सुटायला लागलंय.

१८ फेब्रुवारी, बुधवार

अभ्यासासाठी दोन दिवस रजा काढली. परिणाम असा की आज पेपरात माझं नाव नाही. अप्पा भिंग घेऊन शेवटच्या पानापर्यंत गेले. मग माझ्या खोलीच्या दारात येऊन कपाळाला हात लावून बघितला. ताप नाही म्हणाले. मी म्हटलं, अप्पा, जरा मोठ्या लेखाची तयारी चाललीय. ते म्हणाले, मग नाव मोठ्या टाइपात येईल का?

तिसऱ्या व्याख्यानातला एक शब्दही डोक्यात शिरत नाही. प्राध्यापक तोंड हलवतात, मी तोंड हलवतो. छातीत काहीतरी धडधडतंय. चहा कमी करायला हवा.

दिवस अठ्ठावन्न.

२१ फेब्रुवारी, शनिवार. पहाटे ४.४५

सुधारित योजना: तीन व्याख्यानं कंठस्थ, एकवीस ओझरती. ओझरती म्हणजे नावं वाचायची. चौथ्याचा विषय असा की एखादा आकडा बाकीच्यांच्या मानाने फारच मोठा निघाला तर काय करायचं. हे अपवादाचं प्रकरण. आधी नियम पक्के, अपवाद मागाहून. वगळलं.

सौ. म्हणाली, एकदा त्या क्रीडावाल्यांनाच विचारून बघा ना, दोघं मिळून बसलात तर सोपं जाईल. मी हसलो. ती हसली नाही. तिला कळलंय की परीक्षा औपचारिक नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

शुभशकुन. कोपऱ्यावरचा दिवा लागला. चौसष्टाव्या दिवशी. सौ.ने दारात बोलावून दाखवला. स्कूटर इतक्या लख्ख उजेडात आज प्रथमच पाहिली. निळी आहे.

बारावा गडी विचारतो: गुरुजी, समजा पाचव्या दिवशी प्राध्यापकांची बस एक तास आलीच नसती तर? सरासरी एकदम वर गेली असती आणि बाकी चार दिवसांबद्दल ती खोटं बोलली असती. मग बातमी सरासरीची करायची की त्या पाचव्या दिवसाची?

उत्तर दिलं: प्राध्यापकांची बस दहाव्या मिनिटाला आली, हे निश्चित आहे. न घडलेल्या गोष्टींवर वेळ घालवू नये.

'बातमी' हा शब्द त्याने का वापरला, कोण जाणे.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी पहिलं व्याख्यान म्हणायला बसलो तर बस सहाव्या मिनिटापाशीच अडकली. पुढचं आठवेना. सौ.ने वही हातात घेतली आणि मला धडा म्हणायला लावला, चौथीतल्या मुलाला लावतात तसा. तीन वेळा चुकलो. चौथ्यांदा खोकल्यासकट सगळं आलं. तिने वही मिटली आणि विचारलं, यातलं तुम्हाला नेमकं काय कळलं ते एकदा सांगा. मी म्हटलं, सरासरी सात. ती म्हणाली, कशाची?

प्रश्न परीक्षेला येण्यासारखा नाही.

ग्रुपवर बारावा गडी: उद्या माझी परीक्षा आहे, आशीर्वाद द्या. काय योगायोग! आशीर्वाद दिला. स्वतःसाठी मागायला कुणी नव्हतं. अप्पांना सांगावं लागलं असतं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

परीक्षा झाली. मी आणि क्रीडा, एका टेबलाची दोन टोकं. एकच कागद: पाच वॉर्डांत रस्त्यावरचा दिवा दुरुस्त व्हायला किती दिवस लागले. वॉर्ड एक ते पाच: ३, ५, ६, ७, ६४. यावरून तीन ओळींची बातमी लिहा.

पाच आकडे! मनातून प्राध्यापकांना नमस्कार केला. प्रश्न तोच, फक्त कुणीतरी पाठ बिघडवलेला. ६४ हा तर लेखनिकाचा उघड प्रमाद, तीन, पाच, सहा, सात यांच्या रांगेत चौसष्ट कुठून येणार? हस्तलिखितांत असं नेहमी होतं. समासात 'शुद्ध पाठ १०' अशी नोंद केली, बाकीचे आकडेही मूळ संहितेप्रमाणे दुरुस्त केले आणि लिहिलं: सरासरी सात. प्रमाण विचलन दोन पूर्णांक चोवीस शतांश. परिस्थिती समाधानकारक.

वीस मिनिटांत कागद दिला. क्रीडा चाळीस मिनिटं खोडत बसला होता. मी लिहीत असताना एकदा माझ्या कागदावर डोकावला, मग माझ्याकडे बघितलं, काहीतरी सांगायचं असल्यासारखं. मी नजर वळवली. कॉपी ती कॉपीच.

घरी येताना एक स्टॉप आधी उतरून चालत आलो. खूप दिवसांनी मोकळं वाटलं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

बाईंनी एकट्याला बोलावलं. माझा कागद समोर होता. बराच वेळ त्या समासातली ती नोंद बघत होत्या. मग त्यांनी एवढंच विचारलं,

"तुम्ही वॉर्ड पाचमध्येच राहता ना? तुमच्या कोपऱ्यावरचा दिवा लागला का?"

लागला म्हटलं, मंगळवारी.

"किती दिवसांनी?"

"चौसष्ट," मी म्हणालो. ताडकन. याबाबतीत माझ्याइतकं चोख उत्तर सबंध शहरात कुणी दिलं नसतं.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. एसीचा आवाज किती मोठा आहे हे बावीस वर्षांत प्रथमच लक्षात आलं.

मग त्यांनी क्रीडाचा कागद माझ्याकडे सरकवला. चार वॉर्डांत आठवड्याच्या आत उजेड. वॉर्ड पाच दोन महिने अंधारात. सरासरी सतरा दिवस असली तरी सतरा दिवस कुठल्याच वॉर्डाला लागलेले नाहीत.

बरोबर तीन ओळी. बातमी रोज पहाटे माझ्या गुडघ्याला लागत होती.

२ मार्च, सोमवार. सकाळी ६.१२

काल 'आजचे कार्यक्रम' लावले. सभा तीन, प्रदर्शन एक. आज तो पहिला कॉलम छापून आला. पेपर लवकर आला आणि अप्पा आधीच उठलेले. त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत शोधलं. भिंग धोतराच्या सोग्याने पुसलं, पुन्हा पहिल्यापासून शोधलं. अजून शोधताहेत. घडी घातलेली नाही.

इकडे येऊन ग्रुप उघडला. सवयीने. 'बारावा गडी'ची पोस्ट होती:

"गुरुजी, पास झालो, खुर्ची मिळाली. हेडफोन लावून चारचार वेळा ऐकत होतो, ऑफिसला वाटायचं सामना बघतोय. पण तुम्ही शब्द न शब्द उतरवून दिला नसतात तर एक अक्षर कळलं नसतं. आता एक राहवत नाही म्हणून विचारतो. माझ्यासोबत परीक्षेला आमच्याच ऑफिसातले एक ज्येष्ठ गृहस्थ होते. आकडे दिव्यांचे होते आणि त्यांनी उत्तर लिहिलं बसचं. तुमच्या नोट्समधलं, जसंच्या तसं. तुमचेच विद्यार्थी असणार. मी त्यांना वेळीच काही बोललो नाही, ते मनाला लागून राहिलंय. तुम्ही ओळखता का त्यांना?"

खाली स्क्रोल केलं. त्याचा तो जुना खुलासा आज वाचला. सरासरी ठरलेली असली की पाचांतले चार खेळाडू हवे तिथे उभे राहू शकतात, पाचव्याची जागा मात्र आपोआप ठरते. म्हणून मोकळे चारच, म्हणून भागायचं चाराने. वाचायला सहा मिनिटं लागली. समजला. पहिल्याच वाचनात, पाठ न करता.

उत्तर लिहायला घेतलं. दोनदा लिहून खोडलं. बाहेर अप्पांनी सौ.ला विचारलं की आज पेपरची पानं कमी आलीत का. ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही.

शेवटी लिहिलं: "नाही. ओळखत नाही."

पाठवलं. सूर्योदय ६.५८, कालच लावलाय. अजून सेहेचाळीस मिनिटं आहेत.