सोफ्यावरचा काउबॉय

१२ एप्रिल
काउबॉयचा नवा गेम आणला. करमणुकीसाठी नव्हे, अभ्यासासाठी. मेअखेरीस सासऱ्यांच्या रँचवर वासरं डागायची आहेत. दरवर्षी त्या दिवशी मला फाटकावर उभं करतात. घोड्यावरून फास कुणी टाकायचा, ते सासरे, म्हणजे ऑर्व्हल, सकाळी नावं घेऊन सांगतात. आपण होऊन मागायचं नसतं. मागणाऱ्याचं नाव कायमचं कटतं. यंदा माझं घेतील. गालिचे विकतो म्हणून काय झालं, जन्म वायोमिंगचाच आहे!

१४ एप्रिल
गेमचे गुणदोष लिहून काढायचं ठरवलं.
गुण: निसर्ग अप्रतिम. खिडकीतल्या डोंगरांपेक्षा यातले डोंगर सरस. खिडकीचा पडदा ओढून घेतला, टीव्हीवर उजेड येतो.
दोष: घोडा मठ्ठ. कड्यावरून खाली गेला. मी सांगितलं तिकडेच गेला, कबूल. पण त्याला स्वतःची अक्कल नको?

१९ एप्रिल, संध्याकाळ
दोष: दारूच्या गुत्त्यात लोकांना हॅट उंचावून रामराम करायला गेलो, तर पिस्तूल निघालं. बटणांची रचनाच चुकीची. अख्खं गाव मागे लागलं. तुरुंगात पडलो.
मार्लिस म्हणाली, तिकडे जेवायला मिळणार असेल तर इथलं झाकून ठेवते. बायकोला अभ्यासाची कदर नाही.

२७ एप्रिल
फास जमला!
गुण: फास टाकताना वेळ मंदावते, वासरू जवळजवळ थांबतंच. अगदी खऱ्यासारखं. शिवाय घोड्यावर डावीउजवीकडून कुठूनही चढता येतं. सोय उत्तम.
मार्लिस म्हणाली, एकदा बाबांकडे जाऊन खऱ्या घोड्यावर बस की. म्हटलं, आधी पाया पक्का होऊ दे.

८ मे
आज खऱ्या घोड्यावर बसणार होतो. वारा फार होता.

१५ मे
कंबर धरली. काउबॉय लोकांना हे व्हायचंच. डॉक्टर म्हणाला, सोफा बदला.

२१ मे
नवा दोर आणला. हॉलमध्ये सराव. दिव्यावर नेम धरला, फुलदाणी गेली. दिवा हलत नाही ना, म्हणून अंदाज चुकतो. वासरं हलतात.

३० मे, सकाळी घाईत
रँचवर पोचलो. शेजारीपाजारी सगळे जमलेत. ऑर्व्हलनी माझं नाव घेतलं! म्हणाले, चला जावईबापू, दोर मिरवताय तर दाखवा हात. छाती फुगली आहे. बाकी नंतर.

३० मे, संध्याकाळ
घोड्यावर उजवीकडून चढायला गेलो. इथल्या घोड्यांना डाव्या बाजूचीच सवय. घोडा गरकन फिरला, मी शेणात. कुणीही हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. ऑर्व्हल म्हणाले, जावईबापू, पलीकडचा दरवाजाही गाडीचाच असतो, पण तिकडून गाडी चालवत नाहीत.
मग त्यांनी मार्लिसचं नाव घेतलं. तेव्हा मी कुंपणापाशी एका शेजाऱ्याला त्या घोड्याचे दोष समजावून सांगत होतो. मागे एकच आरडाओरडा झाला. शेजारी मला तसाच सोडून तिकडे धावला. पहिल्याच फटक्यात वासराचे दोन्ही मागचे पाय फासात, असं जेवताना सगळे सांगत होते.
परतताना गाडी मार्लिस चालवत होती. म्हणाली, तुझं नाव घ्या म्हणून मी आठवडाभर बाबांच्या मागे लागले होते. घोड्याचे उरलेले दोष ओठांवर आले होते, ते गिळले. लाज वाटली. खूप वाटली.
म्हटलं, मार्लिस, काय सुंदर फास टाकलास गं आज.
ती म्हणाली, तू पाहिलास कधी?