दोन गोळ्यांच्या मधला वेळ

३ जून
पोचलो एकदाचा! हरारेहून दोन दिवस लॉरीत, पिठाच्या पोत्यांवर बसून. हाडं खिळखिळी झाली, पण घाट उतरताना झांबेझीचं खोरं दिसलं आणि सगळा शीण गेला. मासाऊ कॅम्प नदीपासून जरा आत आहे. सहा तंबू, गवताने शाकारलेलं स्वयंपाकघर आणि कातडी सुकवायची शेड. शेडचा वास थेट माझ्या तंबूत येतो. येऊ दे. शिकाऊ शिकारी म्हणून नाव लागलंय माझं! हंगाम संपताना म्हाताऱ्या रॅडेमायरने कागदावर सही केली की परवान्याच्या परीक्षेला बसता येईल. त्या एका सहीसाठी आलोय मी.

रॅडेमायर इथला मुख्य शिकारी. साठीचा, लाल मानेचा, सतत तंबाखू चघळणारा. हात मिळवतानाच म्हणाला, गेल्या वर्षीचा शिकाऊ तीन आठवडे टिकला, तू निदान आणलेला साबण तरी संपवून जा. मला हसू आलं.

माग काढणारे सेकुरू मागाया. सेकुरू म्हणजे आजोबा, सगळा कॅम्प त्यांना तसंच म्हणतो. त्यांनी रीतीप्रमाणे पहिल्यांदा माझं देवक विचारलं. आमच्यात माणसाला नावाने कमी आणि देवकाने जास्त हाक मारतात. माझं देवक न्याती, म्हणजे रानरेडा. पण लॉरीचा ड्रायव्हर वाटेतच बोलला होता की न्याती माणसाला बरोबर घेऊन रेड्याच्या मागावर इथलं कुणी जात नाही, रेडा आपल्या माणसाला ओळखतो म्हणे. म्हणून मी ठोकून दिलं, शुम्बा. सिंह. सेकुरू खूश झाले. म्हणाले, अरे वा, मग सिंहाला रेड्याचं कालवण वाढा की, बघता काय!

ताट भरून पुढे आलं. स्वतःचं देवक खाल्लं तर दात पडतात, असं आई सांगायची. सगळे बघत होते. खाल्लं. दोनदा मागून घेतलं.

५ जून
आज बंदुका. रॅडेमायरने टेबलावर दोन ठेवल्या आणि म्हणाला, नवरी निवड.

एक बोल्टवाली. चार गोळ्या पोटात, नेम चोख, पण प्रत्येक गोळीनंतर बोल्ट पूर्ण मागे ओढून पुढे ढकलायचा. घाईत अर्धाच ओढला तर नवं काडतूस वर येत नाही आणि आपण रिकामी बंदूक रेड्यावर रोखून उभे राहतो. दुसरी जुनी दुनळी. दोन नळ्या, दोन चाप, मोडून भरायची. गोळ्या दोनच, पण पहिली आणि दुसरी यांच्यात श्वासाचंही अंतर नाही. रॅडेमायर म्हणाला, बोल्टवाली रेड्याला विचार करायला वेळ देते, दुनळी देत नाही.

मी दुनळी उचलली. रुबाब आहे तिच्यात! तिचा दस्ता मुठीत धरतो तिथेच तडकलेला आहे आणि त्यावर कातडं गुंडाळून शिवलंय. ओलं शिवायचं, वाळलं की लोखंडासारखं आवळतं. गेल्या वर्षीच्या शिकाऊला ज्या रेड्याने तुडवलं, त्याचंच हे कातडं. बंदूक त्या शिकाऊच्या अंगाखालीच तडकली होती. मला जरा कसंसंच झालं. पण दिली नाही परत.

८ जून
कातडं ओलं होतं. वर्षभर वाळलेलं कातडं! सकाळी धरलं की बोटांना चिकट लागतं आणि तळव्याला तो वास राहतो, शेडमधला, आंबलेल्या चरबीचा. दोनदा साबणाने हात धुतले. साद्झाचा, मक्याच्या घट्ट उकडीचा, गोळा करून तोंडाजवळ नेला तर पुन्हा तोच वास, आणि आख्खं जेवण उलटलं.

नेमबाजीच्या सरावात गाल दस्त्याला टेकवावा लागतो. काहीतरी टोचलं म्हणून पाहिलं तर कातड्याच्या शिवणीत गोचीड. फुगलेली, करडी. मेलेल्या कातड्यातून तिने काय प्यायलं असेल? नखाने चिरडली. रक्त ताजं होतं.

११ जून
दात पडला. वरचा, पुढचा. भाकरीत नाही, हाडात नाही, मऊ साद्झात. दुखलं नाही. जिभेवर आला, थुंकला.

उजव्या गालावर, दस्ता टेकतो तिथे, केस आलेत. दाढीचे नव्हेत. राठ, काळे, विरळ. वस्तरा फिरवला. दुपारी परत.

सेकुरू माझ्याकडे बघत होते.

१३ जून
आता वरचे पुढचे चारही गेले. खालचे सगळे शाबूत. हिरडी कडक झालीय, बुटाच्या तळासारखी.

सेकुरूंनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, शुम्बा, साठ वर्षं रानात काढली मी, वरचे पुढचे दात नसलेला सिंह अजून पाहिला नाही. रेड्याला मात्र ते नसतातच. मग हळू आवाजात म्हणाले की कुणी खोटं देवक सांगून आपलं खरं देवक खाल्लं असेल तर एकच उपाय आहे. सगळ्यांसमोर उभं राहायचं, खरं देवक एकदा मोठ्याने सांगायचं. पितर सोडून देतात. पण तोंडात शब्द आहेत तोवरच, लेकरा.

सांगणार होतो. पण सांगितलं की मागावर मला कोण नेणार, आणि सही कोण करणार? म्हटलं, दात आमच्या घराण्यातच कच्चे आहेत. स्वतःचीच शिसारी आली. सही झाली की सांगेन.

दुनळी मात्र परत केली. कातड्याचा वास सोसत नाही म्हणालो. रॅडेमायर खो खो हसला, म्हणाला, नवरी नको झाली होय, मग माझ्याकडेच, या म्हाताऱ्याकडे, राहू दे. मला बोल्टवाली दिली.

१५ जून
अमेरिकन पाहुण्याने रेडा पोटात मारला. पोटात! मग जीपमध्ये बसून गार बिअर प्यायला आणि तो मेला का, मेला का विचारत राहिला. गवतावर हिरवा चिकट चोथा आणि रक्त. सेकुरूंनी बोट लावून हुंगलं, तोंड वाकडं केलं.

मला मात्र तो वास चांगला वाटला. लिहायलाही लाज वाटते. चघळलेल्या गवताचा वास. तोंडाला पाणी सुटलं.

जखमी रेडा सोडायचा नाही, हा कायदा. काट्यांच्या रानात घुसलो. दहा पावलांवर तो होता. मी पहिली गोळी झाडली, चुकली. बोल्ट ओढला, अर्धाच. चाप दाबला. नुसता टक्.

तो आला नाही. मान पुढे करून त्याने मला हुंगलं. ओळखीच्या घरी यावं तसा. मग वळून गेला.

सेकुरूंनी सगळं पाहिलं. रॅडेमायरला म्हणाले, शुम्बाला उद्यापासून तंबूतच ठेवा. रॅडेमायर म्हणाला, रेडा मिळेपर्यंत सही-बिही विसर.

१६ जून
बुटांत पाय जात नाहीत. नखं एकत्र आलीत — दोन जाड, काळी —

गिफ्टने, इथल्या स्वयंपाक्याने, ताट आणलं. पाठ करून बसलो. ताट ठेवून गेला. मटण बघून ओकलो. मग बाहेर जाऊन तंबूमागचं गवत —

खाल्लं. गोड होतं.

आज सांगतो. सही नको. खड्ड्यात गेली सही. सगळ्यांना बोलावतो आणि —

शब्द निघत नाही. जीभ जाड झालीय. न्या — न्या — पुढे नुसता हुंकार.

१७ जून, सकाळ
पेन दोन बोटांत — बोटं म्हणायची तर —

बाहेर आलेत. सेकुरूंचा आवाज. म्हणतायत, जखमी रेड्याचा माग ओढ्यात हरवला, पण इथे नवा माग आहे, ताजा. गवतापासून या तंबूपर्यंत. आत गेलाय, बाहेर आलेला नाही. पोरगं आत होतं हो, संपवलं असणार त्याने.

शुम्बा, म्हणून हाक मारतायत. शुम्बा, आहेस का रे?

उत्तर दिलं. ऐकून सगळे मागे सरकले.

सूर्य माझ्या पाठीशी आहे. माझी सावली त्यांच्या बाजूच्या कापडावर पडलीय. रुंद. डोक्यावर काय आहे ते बघायचं नाही मला —

बोल्टवाली इथे, माझ्या खाटेखाली. म्हणजे रॅडेमायरच्या हातात दुनळी — मीच परत केली ती —

भरायला मोडली, ऐकू आलं. दोन काडतुसं. मिटली.

पहिल्या गोळीने मरणार नाही मी, कातडं जाड आहे आता. बोल्टवाली असती तर मधे वेळ मिळाला असता. तेवढ्यात म्हटलं असतं. एकदाच. शब्द जुळतोय, येतोय जिभेवर — सेकुरू, मी न्या