कुंदाचा डावा कान

२२ मार्च १९८७, रविवार

हात उठला. आज. कुंदावर.

नंदू जेवायला आला होता. माझा धाकटा भाऊ. त्याच्यासमोर ती म्हणाली, "ह्यांना घरातलं काय कळतंय!" हसत म्हणाली. नंदूही हसला. तो गेल्यावर मी दार लावलं आणि मारली. एकच. डाव्या कानाखाली. अकरा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा — नाही, इथे तरी खोटं कशाला लिहू? तिसऱ्यांदा.

रडली नाही. कान धरून खाली बसली. "कसली तरी शिट्टी वाजतेय," एवढंच म्हणाली. राधा आतल्या खोलीत गणितं सोडवत होती. नऊ वर्षांची पोर. तिला ऐकू गेलंच असणार. वहीतून मान वर काढली नाही तिने.

२३ मार्च

उशीच्या अभ्र्यावर रक्ताचा डाग. कुंदाने मला दिसायच्या आत धुवायला टाकला. मला दिसला.

२४ मार्च

अर्धी रजा टाकून तिला घाटकोपरला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉ. मृणालिनी गुप्ते. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. "कसं झालं?" कुंदाने तोंड उघडायच्या आत मी — "बाथरूममध्ये पाय घसरला, नळावर आपटली."

बाईंनी कान पाहिला. मग कागदावर पडदा काढून दाखवला. नाण्यासारखा गोल आणि मधोमध भलंमोठं भोक. "बहुतेक वेळा आपोआप भरून येतं. पाणी जाऊ द्यायचं नाही." मग मला, "आपण काय करता?" "ड्राफ्ट्समन. मुलुंडला, एका कंपनीत." "म्हणजे हात हलका हवा," म्हणाल्या. मी हात खिशात घातले.

९ जून

भोक भरलं नाही. मेमध्ये कान वाहत होता, आता कोरडा आहे. त्या बाजूने हाक मारली तर कळत नाही. काल कुकरच्या शिट्ट्या मोजायला तिने राधाला बसवलं होतं.

ऑपरेशन करावं लागेल. कानाच्या वरच्या स्नायूवरचा पातळ पापुद्रा काढून भोकाला आतून ठिगळ लावायचं.

१४ जुलै

ऑपरेशन झालं. बोरिवलीहून मीरा आली होती, कुंदाची थोरली बहीण. एकटीच असते, शाळेत शिकवते. दिवसभर एकाच बाकावर बसलो दोघं. माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

२ ऑगस्ट

ठिगळ सरकलं. गेल्या आठवड्यात कुंदाला सर्दी झाली, शिंकांवर शिंका. आज बाईंनी पाहिलं आणि मान हलवली. "कधी कधी होतं असं. कुणाची चूक नाही."

कुणाची चूक नाही!

६ ऑगस्ट

कुंदा भाजी निवडत होती. मी तिच्या डाव्या बाजूला बसलो. अगदी हळू म्हणालो, "माफ कर मला." तिला ऐकू गेलं नाही. जाणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून तर त्या बाजूला बसलो. इतका भित्रा माणूस मी.

५ ऑक्टोबर

बाई दुसऱ्यांदा करायचं म्हणतात. या वेळी ठिगळ नुसतं ठेवायचं नाही, चिकटवायचं. गोंदाने! मला आधी वाटलं थट्टा करताहेत. कारखान्यात वापरतात त्या जातीचा गोंद काही डॉक्टरांनी कानात वापरून पाहिला म्हणे, पण कानाच्या आत त्याने इजा होते. हा वेगळा. रक्ताचा. रक्तात जे गोठतं तेवढंच वेगळं काढायचं, आयत्या वेळी त्यात दुसऱ्या औषधाचा थेंब सोडायचा. काही सेकंदांत धरतं. ठिगळ रुजलं की शरीर तो गोंद आपणहून विरघळवून टाकतं.

"परदेशातून तयार येतो," बाई म्हणाल्या, "पण तो कितीतरी लोकांच्या रक्तातून काढलेला. हल्ली रक्तातून कसले कसले रोग जातात, वाचताय ना? मी ह्यांच्याच रक्तातून करणार. पण हमी देत नाही. आतापर्यंत सहाच कानांत केलंय. दोन फसले."

मी पटकन म्हणालो, "माझं रक्त घ्या की."

बाई उत्तर देणार तेवढ्यात कुंदाच बोलली, "नको. माझंच घ्या."

८ ऑक्टोबर

तिचं रक्त काढलं. बाटली भरेपर्यंत ती तिकडेच बघत होती. मला बघवेना.

१३ ऑक्टोबर

पावणेदोन तास. फक्त कान बधिर केला होता, ती जागीच. मीराने पर्समधून बिस्किटं काढून एकटीने खाल्ली.

बाई बाहेर आल्या. हातात काचेची बशी. तळाशी उरलेला गोंद. "बघायचाय? तुम्ही कारागीर माणूस." सुईने त्यावर एक थेंब सोडला. मी पाच मोजायच्या आत गार झालेल्या पेजेसारखं झालं. सुई उचलली तर सगळा गोळा सुईबरोबर वर आला. "असं बसलंय आत," म्हणाल्या. पहिल्यांदाच हसल्या. मलाही हसायचं होतं. जमलं नाही. कुंदाचं रक्त होतं ते.

२० ऑक्टोबर

नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं, खाली वाकायचं नाही. केर, पाणी, स्वयंपाक मी करतो. तिची वेणीही मीच घालतो, वाकडी होते. शेजारच्या कमलवहिनी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "नशीब काढलंस गं कुंदा, असा नवरा मिळायला!"

कुंदा म्हणाली, "हो ना."

वेणी अर्धी सोडून मी आत गेलो.

२६ नोव्हेंबर

धरलं! बाईंनी आतला कापूस, खपल्या सगळं साफ केलं आणि दुर्बिणीतून मलाही पाहू दिलं. मोत्यासारखा पडदा. अख्खा. मग कुंदाचा उजवा कान बोटाने बंद करून बाई मागे जाऊन पुटपुटल्या. कुंदा म्हणाली, "पाटी. दिवा. घाटकोपर." तिन्ही बरोबर.

तिथे ती रडली. मार्चपासून पहिल्यांदा.

१२ जानेवारी १९८८

ऐकण्याची तपासणी झाली. दोन्ही कानांच्या रेषा जवळजवळ सारख्या. बाई म्हणाल्या, आता यायची गरज नाही.

कुंदा फॉर्मवर सही करायला बाहेर गेली तेव्हा मी दार लोटलं. म्हणालो, "बाई, ती पडली नव्हती. मी मारलं होतं."

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. "माहीत आहे. पहिल्या ऑपरेशनच्या आधीच त्यांनी सांगितलंय."

"मग मला काही बोलला नाहीत?"

"त्यांनी नको म्हटलं होतं. माझ्या पेशंट त्या आहेत, तुम्ही नाही." मग फाइल मिटत, "मला सांगून काय होणार?"

घरी आलो. कुंदा मटार सोलत होती. या वेळी समोर बसलो. सगळं बोललो — तीनही वेळा कधी, कशावरून, आणि मी किती खोटं बोललो ते. माफी मागितली, मोठ्याने. राधा तिथेच होती, तिलाही ऐकू दिलं.

कुंदा मटार सोलत राहिली. शेवटी म्हणाली, "बरं झालं बोललात."

किती हलकं वाटतंय! रविवारी दोघींना वर्सोव्याला घेऊन जाईन. होडीतून खाडीपलीकडे मढला. राधा कधीची मागे लागलीय.

१७ जानेवारी, रविवार

सकाळी मीरा टॅक्सी घेऊन आली. दोन ट्रंका आधीच भरलेल्या होत्या. राधाचा शाळेचा दाखलाही काढलेला — डिसेंबरच्या तारखेचा.

कुंदा दारात म्हणाली, "कान बरा होईपर्यंत थांबले होते."