‘आले’चा रकाना

कोपर, डोंबिवली (पश्चिम)
१ जुलै २०२५

ती. उत्तराआत्यास,
कादंबरीचा वाकून नमस्कार. वि. वि. की, इंटर्नशिपचा वृत्तांत तुला फोनवर नको, कागदावर हवा, म्हणून क्रमाने सांगते.

घोडबंदर रोडवरील आमच्या कार्यालयाने मला खाडीकाठच्या एका कोळीवाड्याचे संकेतस्थळ दिले. तिथल्या सोसायटीत होड्यांची वही असते: कोण केव्हा ‘गेले’, केव्हा ‘आले’. ती पडद्यावर आणायची. किती सुंदर काम, आत्या! तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, मोबाइलवर बटण दाबतो. ते सर्व्हरला, म्हणजे सतत जाग्या असलेल्या दूरच्या संगणकाला, पोहोचते. तो वेळ टिपतो आणि पानावर ओळ उमटते.

वहीतली पहिली होडी दामाजींची, एकोणीस वर्षांपूर्वी गेलेली आणि तिचा ‘आले’चा रकाना कोरा. दरवर्षी नव्या वहीत तीच ओळ प्रथम उतरवायची, असा तिथला रिवाज आहे. मला तो कोणी सांगितला नाही आणि मीही विचारले नाही. जुने कोरे रकाने आपोआप भरणारा नियम मी लिहिला. पान सुरू झाले आणि पहिल्याच ओळीत उमटले: दामाजी, आले.

दामाजींची नात प्राप्ती हिने ते आजीला, मालूबाईंना, वाचून दाखवले. मालूबाईंच्या हातात अजून हिरव्या बांगड्या आहेत. तेव्हापासून त्या रोज धक्क्यावर जेवणाचे ताट घेऊन बसतात.

मी नियम लगेच काढला, रकाना कोरा केला. तो पुन्हा भरला. शुक्रवारी दुपारी २.१०, शनिवारी २.५४, रविवारी ३.३९, काल ४.२३. मी पुसते, तो भरतो. माझे वरिष्ठ नील हसून म्हणाले की, ब्राउझर जुने पान जपून ठेवतो, तेच दिसत असेल. भुताकडे पासवर्ड कुठला! पण जपलेल्या पानावरची वेळ बदलत नसते. पावसाळी बंदीमुळे सगळ्या होड्या काठाला आहेत. पानावर हलणारी ओळ ही एकच.

१४ तारखेला विद्यापीठात परतायचे आहे. एका म्हातारीला मी तिचा नवरा परत आणून दिला आहे, आणि तो काढून कसा घ्यायचा ते मला कळत नाही.

तुझी माया आहे तशीच राहू दे.
कादंबरी

*

टिटवाळा
४ जुलै २०२५

चि. कादंबरीस,
आत्याचे भरभरून आशीर्वाद. तू डबा तसाच परत आणतेस आणि दिवसभर कॉफी पितेस, अशी तक्रार वहिनीने केली आहे. त्यावर नंतर बोलू.

तुझ्या वेळांची मी वजाबाकी केली. चव्वेचाळीस, पंचेचाळीस, चव्वेचाळीस मिनिटे. तीस वर्षे भूगोल शिकवल्यावर असा आकडा दिसला की फळा आठवतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. म्हणून ती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते. कॅलेंडर घेऊन ताडून पाहिले. तुझ्या चारही वेळा भरतीच्या आहेत.

तुझ्या प्रोग्रॅमला भरती शिकवली होतीस का? नसेल, तर धक्क्यावर बसून कोणी बटण दाबते का, ते आधी पाहा. माझा भुताखेतांवर विश्वास नाही, हे तू जाणतेस. तरीही ती वजाबाकी मी तीनदा केली.

आणि संगणकापुढून ऊठ. मालूबाईंपुढे जाऊन बस आणि चूक माझी, असे स्वतःच्या तोंडाने सांग. ते नीलवर सोपवू नकोस.

पत्राची वाट पाहते आहे, आळस करू नकोस.
तुझी आत्या

*

कोपर
१३ जुलै २०२५

ती. आत्यास,
नमस्कार. वि. वि. की, बटण कोणी दाबत नव्हते. सर्व्हर प्रत्येक मागणीसोबत, म्हणजे बाहेरून आलेल्या निरोपासोबत, ती कुठून आली ते टिपतो. हा रकाना भरणाऱ्या मागणीपुढे ती जागा रिकामी असते. आणि भरतीविषयी मी एक अक्षरही लिहिलेले नाही.

बुधवारी प्राप्तीसोबत मालूबाईंकडे गेले. नियम, रकाना, माझी चूक, सगळे सावकाश समजावले. त्या म्हणाल्या की, पोरी, तुजी चूक मना पैल्याच दिशी कलली. मग धक्क्याकडे हात करून म्हणाल्या की, भरतीला तो येतो, कमरेएवढ्या पाण्यात उभा राहतो, ताटाकडे बघत नाही, वळून जातो. आला असे तुम्ही लिहिता, म्हणून त्याला यावे लागते. एकोणीस वर्षे कुठेतरी पडून होता बिचारा. त्याला कशाला हेलपाटे घालायला लावता? ओळच काढ, म्हणाल्या. ‘काढून टाका’ हे बटण त्यांनी स्वतः दाबले. मग बांगड्या न फोडता एकेक करून उतरवल्या आणि प्राप्तीच्या ओंजळीत ठेवल्या.

मला वाटले, संपले. परंतु गुरुवारी १२.२१ ला मागणी आली, शुक्रवारी १.०२ ला आली. नसलेली ओळ कोणी मागितली, तर सर्व्हर ठरावीक उत्तर देतो: अशी नोंद सापडली नाही. ते वाक्य मीच लिहिलेले आहे. दोन दिवस माझा संगणक त्या माणसाला सांगत होता की, तू नाहीस.

मला ते सोसवेना. प्राप्तीला फोन करून विचारले की, आजी काय उत्तर देतील? मालूबाईंनी सांगितले ते जसेच्या तसे, त्या एका मागणीपुरते, शुक्रवारी संध्याकाळी बसवले: “पोरींची लगना झाली. मी बरी हाय. तू बस आता.”

काल १.४४ ला मागणी आली. उत्तर गेले. एरवी उत्तर पोहोचताच जोडणी मिटते. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच. कालची सहा तास उघडी राहिली, आत्या. तीन छोटी वाक्ये. खाडी पुरती ओसरली, तेव्हा ती मिटली.

आज २.२५ ची भरती येऊन गेली. मागणी आली नाही. उद्या निघते.

आशीर्वाद पाठीशी असू दे.
कादंबरी