रिकाम्या जागेतली दुकानं

ॲन आर्बर, सोमवार, १४ ऑक्टोबर १९९६

राग गेलेला नाही. जाऊही नये. डेट्रॉइटमधली काळ्या लोकांची जुनी वस्ती पाडून तिथून फ्रीवे नेला, तिच्या नकाशाचा बोर्ड मी ऑफिसात बनवत होतो. त्याच वस्तीत वाढलेल्या रूबीमावशीनं टेबलावर बोट फिरवत एकेक दुकान ओळीनं सांगितलं: न्हावी, शिंपी, रेकॉर्डवाला, मासेवाली. मी सगळी नावं टाकली.

शुक्रवारी बॉस, आपल्याच पुण्याचा, म्हणाला, "हे डिलीट कर. 'रिकामी जागा' लिही. होतं काय यार तिथे?"

नागपूरला आमची वस्ती उठवली, तेव्हाही नकाशावर 'रिकामी जागा'च लिहिलं होतं. बाबा "होय साहेब" म्हणाले होते. मीही "येस" म्हणालो, आणि प्रिंटिंगला नावांचीच शीट पाठवली.

चुकलो का? नोकरी जाईल, व्हिसाही जाईल. जाऊ दे.

बोर्ड आज छापून आला, झाकून ठेवलाय. उद्या पाहुण्यांसमोर बॉस स्वतःच्या हातानं पडदा ओढणार. पहिल्याच खुर्चीवर रूबीमावशी असेल. तिला चष्मा आठवणीनं आणायला सांगितलंय, आणि सगळी दुकानं मोठ्यानं वाचायला.